लाह्यांचा आवाज

बालाघाटला समुद्र नाही. वैनगंगा आहे, आणि ती आडवळणानं का होईना, शेवटी समुद्रालाच मिळते, असं चैतराम लाहीवाले गिऱ्हाइकाला अभिमानानं ऐकवायचे. कारण त्यांची एकुलती एक लेक समुद्रात नोकरीला होती. गल्लीत रचनाला ‘मासोळ्यायची डाक्टरीण’ म्हणत. आपण मासोळ्यांच्या नव्हे, प्रवाळांच्या अभ्यासक आहोत, अंगठीतल्या पोवळ्याच्या जातकुळीतल्या जिवांच्या, हे तिनं खूपदा समजावलं आणि मग नाद सोडला. मासा म्हणजे तळ्यातला रोहू, एवढंच जिथं ठाऊक, तिथं जिवंत दगडाची गोष्ट कोणाच्या गळी उतरणार?

फाल्गुनात चैतराम गेले. घरामागच्या भट्टीच्या खोलीत, कढईतल्या तापल्या रेतीत, त्यांनी जन्मभर धानाच्या लाह्या फोडल्या होत्या. त्यांच्या तिरडीपुढं उधळलेल्या लाह्याही तिथल्याच. त्या दिवसापासून भट्टी बंद पडली. दिवसपाणी आटोपून रचना लक्षद्वीपच्या आपल्या बेटावर परतली, तर समुद्र तापलेला. वैशाखात प्रवाळ पांढरे पडले. प्रवाळाच्या अंगात एक सूक्ष्म शेवाळ राहतं, तेच त्याला रंग देतं आणि पोसतं. पाणी फार तापलं की ही सोयरीक तुटते, आणि मागं उरतो तो उपाशी, पांढराफटक जीव. पाणी वेळेत निवलं तर तो सावरतो. यंदा निवलं नाही. श्रावण सरेपर्यंत बेटाच्या उत्तरेची अख्खी प्रवाळभिंत मेली आणि तिच्यावर केसाळ, हिरवट बुरा चढला. आधी बाप, मग ही भिंत. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

पितृपक्षात ती बापाच्या पहिल्या श्राद्धाला घरी आली, ती काम सोबत घेऊनच. काम असं होतं. जिवंत प्रवाळभिंत मुळीच मुकी नसते. तिच्या कपारींत इवल्या कोळंब्या राहतात, त्या नांग्या वाजवतात आणि पाण्याखाली अखंड तडतड चालू असते. माशांची नखाएवढी पिल्लं उघड्या समुद्रात वाहत असतात, ती या आवाजाच्या रोखानं घर शोधत येतात. भिंत मेली की आवाज जातो, आणि पिल्लं बाजूनं निघून जातात. रचनाच्या वरिष्ठ आम्रपालीमॅडमचा बेत होता की मेलेल्या उत्तर भिंतीपाशी पाण्यात स्पीकर सोडायचे आणि तिचाच जिवंतपणीचा आवाज वाजवायचा. मासे येतील, बुरा खातील, खडक साफ होईल, आणि कुणी सांगावं, नवे प्रवाळही रुजतील. इतर समुद्रांत असे प्रयोग झाले होते आणि मासे खरोखर आले होते. उत्तर भिंतीचा जुना आवाज रचनाकडंच होता. त्यातली होडीच्या इंजिनाची घरघर काढून तो पाठवायचा, एवढंच उरलं होतं.

पहिल्याच दुपारी तिनं तो आवाज साध्या स्पीकरवर लावला. तडतड, तडतड, मध्येच जोर धरून पुन्हा तडतड. स्वयंपाकघरातून तिची आई, शेवंताबाई, ओल्या हातानंच बाहेर आल्या.

“भट्टी कोणं पेटवली वो?” त्यांनी विचारलं.

रचनानं स्पीकरकडं पाहिलं. इतकी वर्षं तो आवाज ऐकून तिला जे कधी सुचलं नव्हतं, ते आईनं एका क्षणात ओळखलं होतं. धान रेतीत पडलं की अगदी असंच वाजतं. ‘आई, हा समुद्र आहे’ एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण फाल्गुनापासून विझलेल्या आईच्या चेहऱ्यावर तिला उजेड दिसला, आणि ते वाक्य राहूनच गेलं. शेवंताबाई उत्तराला थांबल्याही नाहीत. आत गेल्या, दोन थाळ्यांत भात-वरण वाढलं, मागच्या दारात भट्टीच्या भिंतीकडं तोंड करून बसल्या आणि स्वतःच्या थाळीतला भात शेवटच्या शितापर्यंत जेवल्या. नवरा गेल्यापासून ही बाई दोन घासांवर उठत होती.

मग तो रोजचा रिवाजच झाला. श्राद्ध झालं, पितरांच्या पानाला कावळा शिवला, तरी दुसरी थाळी काही बंद झाली नाही. दुपार झाली की रचना आवाज लावून डोळे मिटून बसे, आणि मागच्या दारात थाळ्या पडत. भट्टीत मात्र शेवंताबाई पाऊल टाकत नसत. नवरा कामात असला की त्याला हटकायचं नाही, ही त्यांची जुनी शिस्त. रचनाला धास्ती वाटे. पण आईच्या गालावर मांस चढत होतं, आणि चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची, असं म्हणून ती गप्प राही.

एकदा शेजारच्या किराणा दुकानाच्या मोतीलालनं कुंपणावरून विचारलं, “भाभीजी, भट्टी फिर चालू कर दी क्या?”

“हौ,” शेवंताबाई सहज म्हणाल्या, “ते आले न आता.”

मोतीलाल हसता हसता थांबला. आत रचनानं आवाज बंद केला, आणि त्यानंतरची शांतता तिला अशी झोंबली की तिनं तो पुन्हा लावला.

श्राद्धपक्ष सरत आला तेव्हा भर दुपारी आम्रपालीमॅडमचा फोन आला. स्पीकरवरचा आवाज तसाच ठेवून रचना समोरच्या अंगणात गेली.

“रचना, अजून साफ झालं नाही का ते?” मॅडम म्हणाल्या. “बेटावर स्पीकर येऊन पडलेत.”

“मॅडम, पूर्वेच्या खोल कडेला थोडे प्रवाळ जगलेत. तिथं लावू या ना.”

“तिथं पैसा देणाऱ्या पाहुण्यांना बुडी मारता येणार आहे का? उत्तर भिंत धक्क्याजवळ आहे. काल तिथं काही नव्हतं, आज मासे आहेत, हे डोळ्यांना दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर पुढच्या वर्षी आपणच बेटावर नसू, आणि मग तुझी ती पूर्वेची कडा कोण सांभाळणार?”

मॅडम काही दुष्ट नव्हत्या. त्यांनी त्या बेटावर उमेदीची वर्षं घातली होती.

“पण येणारी पिल्लं लपतील कुठं?” रचना म्हणाली. “मेलेल्या फांद्या पावसाळी लाटांनी मोडून भिंत सपाट झालीय. मोठे मासे त्यांना वेचून खातील.”

“काही जातील, काही जगतील. समुद्रात दुसरं काय होतं? संध्याकाळपर्यंत पाठव.”

“पाठवते,” रचना म्हणाली.

ती आत आली तेव्हा स्पीकर तडतडत होता. मागच्या दारात दोन्ही थाळ्या वाढलेल्या होत्या, आणि आई तिथं नव्हती. भट्टीचं दार उघडं होतं.

शेवंताबाई कढईपाशी उकिडव्या बसल्या होत्या. उजवा हात कोपरापर्यंत रेतीत खुपसलेला. घरातून आवाज इथवर येत होता, आणि इथं तर तो भिंतींवरून घुमून अगदी कढईतूनच उठल्यासारखा वाटत होता.

“आई,” रचना म्हणाली.

“रेती थंडी हाये,” शेवंताबाई म्हणाल्या. हात काढला नाही. “आवाज येऊन राह्यला, अन् रेती थंडी.”

रचना धावत जाऊन आवाज बंद करून आली. मग आईजवळ जमिनीवर बसली आणि सगळं सांगितलं. कोळंब्या, भिंत, पिल्लं, स्पीकर. शेवंताबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“तुले ठाऊक होतं, मी त्यायच्यासाठी वाढून राह्यली म्हणून?”

“हौ.”

“मंग काहून नाई सांगतलं?”

“तू जेवत होतीस, आई.”

“हौ. जेवत होती.” त्यांनी रेतीतून हात काढला. “आवाज खोटा निंगाला, तेवढं चाललं असतं मले. आज धीर केला. म्हटलं, किती दिवस दारातच बसू, जाऊन पाहू त्यायले. आवाजानं बलावलं म्हणून आली, तं इथं कोणीच नाई.”

त्या रडल्या नाहीत. रचनाच रडली. बाप गेला तेव्हा आल्यागेल्याचं पाहण्यात तिचं रडायचं राहून गेलं होतं, ते आता सगळं आलं. आईचा रेतीनं भरलेला हात तिच्या पाठीवरून फिरत होता.

“आई, तो आवाज कधीचाच साफ झालाय,” ती म्हणाली. “मी रोज उगीचच लावत होते. ती भिंत मेलीय, अन् तिची शांतता मले ऐकवत नव्हती.”

“मले वाटलंच,” शेवंताबाई म्हणाल्या. “काम करणाऱ्याचे डोये तुह्यासारखे मिटलेले नसते.”

मग रचनानं तिथूनच, भट्टीच्या उंबऱ्यावर बसून, मॅडमना फोन लावला. आवाज पूर्वेच्या कडेसाठी हवा असेल तर आत्ता पाठवते, उत्तर भिंतीसाठी देणार नाही, असं तिनं सांगितलं. पलीकडं मॅडम बराच वेळ बोलत होत्या. आपलं पद जाईल, बेटही सुटेल, हे रचनाला त्यातून नीट कळलं.

“हो मॅडम, कळतंय मला,” ती म्हणाली. “पण तिथं बोलवायला कोणी उरलेलं नाही. मी कोणाच्या नावानं हाक मारू?”

मॅडमनी फोन ठेवला. शेवंताबाई उठल्या, हात झटकला. मागच्या दारातली एक थाळी गायीला घातली, दुसरी लेकीपुढं सरकवली आणि तिच्या शेजारी बसल्या. भट्टी, घर, गल्ली, सगळं शांत होतं. चैतराम आता नाहीत, हे त्या दुपारी पहिल्यांदा दोघींनाही ऐकू आलं.