आयलीबाईंची सहाची गोळी

थंडर बे शहरातल्या आमच्या इस्पितळात भूल देण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, असं मत होतं. मत माझंच होतं.

मार्चमध्ये आयली कोस्केला पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी आल्या. वय चौसष्ट, तीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या. त्यांना मायस्थेनिया होता. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच वैरी होते, नसांचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचू देत नाही. पूर्वी दुसऱ्या गावी झालेल्या ऑपरेशननंतर त्या जाग्या झाल्या, तेव्हा सगळं ऐकू येत होतं, पण बोट हलेना, श्वास पुरेना.

"तेवढं पुन्हा नको," एवढंच त्या म्हणाल्या.

धीर द्यायचा म्हणून मी व्याख्यान सुरू केलं. स्नायू सैल करायचं औषध अशा रोग्यांना थोडंसंही जास्त होतं, म्हणून ते मी देणारच नव्हतो, वगैरे. बोलता बोलता त्यांची पापणी खाली आली. मी तत्परतेने कागदावर टिपलं : आजाराचं लक्षण.

"आजार नाही तो, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "तुम्ही वीस मिनिटं बोलताय."

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन सुरळीत झालं. शेवटी ताकद परतली का ते बघायला मी त्यांना मान उचलायला सांगितलं. उचलली, पाच सेकंद धरली. मग मी घशातली श्वासाची नळी काढली. श्वास संथ, भरपूर. दुपारी मी वॉर्डात गेलो, तपासायला म्हणून. खरं तर कौतुक ऐकायला.

"माझी रोजची गोळी मी घेतली होती," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "सकाळी सहाला, घोटभर पाण्याबरोबर. तुम्ही दिलेल्या सूचनांच्या कागदावर तर सकाळी तोंडाने काहीच घ्यायचं नाही असं होतं."

मी कागद काढला. सही माझीच. वीस वर्षं सगळ्यांना लिहितो तेच वाक्य सवयीने लिहिलं होतं, आणि त्यात त्यांची ताकद टिकवणारी गोळीही बंद करून टाकली होती. त्यांना शंका आली, त्यांनी आपल्या नसांच्या डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले घ्या.

त्यांनी माझं ऐकलं असतं तर? मी खुर्चीत बसलो आणि माफी मागितली. तीही लांबली असावी, कारण मध्येच त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

"पुरे," त्या म्हणाल्या. "कागद तेवढा बदला."

दोन दिवसांनी त्या आपल्या पायांनी घरी गेल्या. कागद मी बदलला. माझा मसुदा दीड पानांचा होता. आमच्या नर्सने तो एका ओळीवर आणला.