मनकर्णेचा कोपरा

पेडगावच्या आबासाहेबांकडे निजामाच्या काळातली एक विलायती मोटार होती आणि एक्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात तिने भलताच खोडसाळपणा मांडला होता. सून मनकर्णा बसली की गाडी गप्प! हॉर्न नाही, दिवा नाही, इंजिन नाही. सगळे खाली उतरले की पुन्हा आपोआप शहाणी. मनकर्णा घरी राहिली तर दिवसभर बिनतक्रार धावायची.

"सुनंचा पायगुण, दुसरं काय!" सासूबाई कस्तुराबाईंनी निकाल देऊन टाकला. "उद्या सेलूला आमी मोटारीनं जाऊ. तू येष्टीनं ये."

उद्या सेलूला मनकर्णेच्या सख्ख्या भावाचं लग्न. सासरची माणसं मोटारीतून उतरणार आणि नवरदेवाची बहीण स्टँडवरून पिशवी घेऊन चालत येणार! सगळं माहेर विचारणार, असं का गं? तिला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला.

सेलूचा भुजंग मेस्तरी आज तिसऱ्यांदा आला होता. त्याने प्लग पुसले, वायरी ओढून पाहिल्या, अंगणात गाडीच्या चार फेऱ्या मारल्या. "ठणठणीत हाय, आबासाहेब. लाइट बघा की, कशी फकफक जळायलीय!"

दाराआडून बघणाऱ्या मनकर्णेला एकदम उमगलं. परका माणूस आला की ती रीतीप्रमाणे घरात जायची. गाडीचं दुखणं मेस्तरीने कधी पाहिलंच नव्हतं! पदर खोचून ती सरळ अंगणात आली.

"मेस्तरी, गाडी चालू ठिवा. मी बसते."

सासरे नुसतेच खाकरले. ती मागे डाव्या कोपऱ्यात, सुनेच्या ठरलेल्या जागी बसली. फट्! इंजिन बंद.

"बघा!" कस्तुराबाई कडाडल्या.

मनकर्णा उतरली, मेस्तरीने सेल्फ मारला, गाडी सुरू. ती सासूबाईंकडे वळली. "आता आत्याबाई, तुमी बसा. उजवीकडं न्हाई, माझ्या जागी."

"बसते की! मला कुणाचं भ्या हाय?" कस्तुराबाई ऐटीत टेकल्या आणि गाडीने मान टाकली.

आबासाहेब असे हसत सुटले की डोक्यावरची टोपी खाली पडली. "उतरा आता, पायगुणवाल्या बाई!"

भुजंगने मागची सीट उचकटली. खाली बॅटरी आणि तिच्या खुंटीवर सैल बसलेली वायर. त्या कोपऱ्यात वजन पडलं की सीटच्या स्प्रिंगा वायर दाबायच्या आणि ती सुटायची. माणूस उठला की पुन्हा चिकटायची. "तीन खेपा झाल्या, मी आपला पुढचंच उघडून बघायलोय!" त्याने कपाळावर हात मारला आणि पान्याने वायर आवळली.

दुसऱ्या दिवशी मनकर्णा त्याच कोपऱ्यात बसली आणि प्रत्येक खड्ड्याला मुद्दाम उडी मारू लागली. गाडी काही थांबेना. मानवत रोड मागे पडेपर्यंत कस्तुराबाईही खुदुखुदु हसत उड्या मारायला लागल्या होत्या. "अगं, स्प्रिंगा तुटतील!" आबासाहेब पुढून ओरडत होते, पण ऐकतंय कोण?

मांडवापुढे मनकर्णेच्या आईने विचारलं, "इहीणबाई, गाडीनं तरास न्हाई ना दिला?"

कस्तुराबाईंनी साऱ्या बायकांना ऐकू जाईल असा आवाज लावला. "खोट गाडीत कमी आन् माझ्या तोंडात जास्त व्हती, बाई. नाव तुमच्या लेकीला ठिवलं मी, आन् गाडीचं दुखणं धरलं तिनंच. मेस्तरीला बी घावलं नव्हतं!"

मनकर्णेला इतका आनंद झाला, इतकं हसू आलं, की आईच्या पाया पडायचंच राहून गेलं.