बारा सिलिंडरची पॅकार्ड

आर्वीच्या एका कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत, सरकीच्या गोदामात, ताडपत्रीखाली एक मोटार सहा वर्षांपासून उभी होती. थोरले मालक अण्णाजी यांनी ती दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मुंबईहून आणवली होती. अमेरिकेची पॅकार्ड, काळीभोर, लांबच लांब. अण्णाजी गेले आणि त्यांच्या मुलाला, भैय्याजींना, तिचं पेट्रोल परवडेना. त्यांनी जीप घेतली. तानबा ड्रायव्हर जीपवर बसू लागला, पण त्याचा जीव गोदामातच अडकलेला.

दर रविवारी तो ताडपत्री काढायचा, इंजिन सुरू करून कान देऊन ऐकायचा, चामड्याच्या सीटना तेल चोळायचा. उंदरांनी तारा कुरतडू नयेत म्हणून कडुनिंबाचा पाला ठेवायचा. "मेलेली भैस काऊन पोसून राह्यला बे?" असं हमाल चिडवायचे. भंगारवाला दोनदा आला, तेव्हा तानबानंच त्याला फाटकातून परतवलं.

सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतर मुंबईचे एक पारशी गृहस्थ आले. जुन्या मोटारी जमवायचा त्यांना नाद. कापसाच्या दलालाकडून या गाडीची खबर त्यांच्या कानावर गेली होती. ताडपत्री दूर होताच ते गाडीभोवती एक फेरी मारून आले. मग बॉनेट उघडलं, चांगल्या पँटीनिशी धुळीत गुडघे टेकून खालचे नंबर वाचले.

"एक पन पार्ट बदललेला नाय?" त्यांनी तानबाला विचारलं.

"नाई साहेब. बिघडलं ते इथंच दुरुस्त केलं. दुसरं टाकलं नाई."

"रंग?"

"कंपनीचाच हाय."

साहेब भैय्याजींकडे वळले. "अशी गाडी थोडीच बनली, आता तर बनतच नाय. माझ्या माहितीत इकडे दोनच, त्यातली एक भंगार झालेली. तुमच्या या माणसाने हिला जपली, म्हणून एवढी किंमत देतो."

त्यांनी जो आकडा सांगितला त्यात दोन नव्या मोटारी आल्या असत्या. भैय्याजी नाही म्हणणार नव्हते. तानबाला आधी बरं वाटलं. इतक्या वर्षांत कोणी त्याच्या कामाबद्दल असं चांगलं बोललं नव्हतं. मग एकदम ध्यानात आलं की आपण हिला गंजू दिली असती, तर कोणी नेली नसती.

भैय्याजी मनाचे वाईट नव्हते. म्हणाले, "तानबा, पुलगावपर्यंत तूच घेऊन जा. तिथून ते मालगाडीनं मुंबईले जाईन. तुई बायको बसली का कधी हिच्यात?"

"नाई जी."

"मंग ने तिले."

भागीरथा मागल्या साली नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी घेतलेलं पांढरं लुगडं नेसून आली. एवढ्या मोठ्या सीटवर ती कडेला, दाराला चिकटून बसली. नांदोरा गाव मागे पडलं.

"तुमी रविवारी घरी थांबत नोहते, तवा मले हिचा लय राग ये," ती म्हणाली.

"आन् आता?"

तिनं सीटवरून हळूच हात फिरवला. "मऊ हाय." थोड्या वेळानं म्हणाली, "जमन तुमाले हिच्याबिगर?"

दोन्ही बाजूंनी कापूस फुटला होता, समोर रस्ता मोकळा होता. तानबानं पाय दाबला. गाडी आवाजही न करता अशी सुटली की भागीरथानं डोळे मिटून घेतले आणि हसली.

पुलगावला गाडी मालगाडीच्या वाघिणीवर चढवली, चाकांखाली ठोकळे मारले. तिथं थांबलेल्या साहेबांना किल्ली देताना तानबानं एकेक गोष्ट सांगितली: थंडीत चोक किती ओढायचा, डावं दार कसं लावायचं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "तू पन चल. गॅरेजवर खोली देतो."

"चालवाची कोणी हिले?"

"चालवायची नाय रे. हॉलमध्ये ठेवायची. लोक बघायला येतील."

तानबानं नुसते हात जोडले.

परतीच्या लहान रुळांच्या आगगाडीत भागीरथा म्हणाली, "जा ना तुमी. घरचं मी पाहीन."

"थेथं हे गाडी नुसती उभीच राहीन," तानबा म्हणाला. "मी काय करू?"

आगगाडी रस्त्याच्या कडेकडेनं आर्वीकडे निघाली. तो खिडकीशी बसला होता, आणि ज्यावरून पॅकार्ड आणली तो रस्ता झाडांआड जाईपर्यंत त्यानं मान आत घेतली नाही.