पहिल्या नंबरचा गुलाब

अकोल्याहून निघताना देवमननं गुलाबाची कुंडी जीपमध्ये सत्यवतीच्या पायांशी ठेवली आणि म्हणाला, "सांभाळा हं. तुमच्यापेक्षा नाजूक आहे."

सत्यवतीच्या सोबतीला आलेल्या भागीरथा आत्याबाई हसल्या. ज्याच्या जीपमध्ये बसायचं त्याच्या विनोदाला हसावं लागतं. सत्यवती हसली नाही.

अमरावतीला वसंत पुष्पोत्सव होता, आणि तो पाहायला जाणं हे निमित्त होतं. आठवडाभरात तिला होकार किंवा नकार द्यायचा होता. तिच्या वडिलांना, जानरावांना, हुंडा न मागणारा, बौद्ध पद्धतीनं लग्न लावणारा, शिकलेला जावई हवा होता. त्यातून मुलगी एम.एस्सी., कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी. अशा मुलीला साजेसा मुलगा साऱ्या जिल्ह्यात शोधून एक सापडला होता आणि तो आता पुढं बसून शीळ घालत जीप चालवत होता. जीप सरकारी होती, पेट्रोलही सरकारी. सत्यवतीनं ते पाहिलं आणि सोडून दिलं. एवढ्यावरून माणूस पारखायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं.

बोरगावच्या पुढं दोन्ही अंगांना पळस पेटला होता. देवमननं एकदाही मान वळवली नाही. तो फुलांच्या उत्सवाला निघाला होता.

मूर्तिजापूरला चहासाठी थांबले तेव्हा सत्यवतीनं कुंडीकडं नीट पाहिलं. माती ओली होती, तरी पानं माना टाकत होती. ओल्या मातीतलं झाड सकाळच्या उन्हात असं सुकत नाही. तिनं बोट मातीत खुपसलं. बोटाला काच लागली. औषधाच्या बाटलीचं तोंड. बाटलीत पाणी होतं आणि पाण्यात फांदी. टपोऱ्या तीन फुलांचं हे झाड म्हणजे सकाळी कुणाच्या तरी बागेतून कापून आणलेली फांदी होती.

तिनं बोट रुमालाला पुसलं. कदाचित यालाच कुणी फसवलं असेल. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, असं ती मुलांना शिकवत असे.

"हे झाड कधी लावलंत?" तिनं विचारलं.

"दोन वर्षं झाली," देवमन बशीतला चहा फुंकत म्हणाला. "रोज सकाळी स्वतः पाणी घालतो. नोकराच्या हाताला माया नसते."

"पाह्य, किती हौशी मानूस हाये," आत्याबाई म्हणाल्या.

निष्कर्ष निघाला. तरी सत्यवती चहा संपवून पुन्हा जीपमध्ये बसली. लबाडी आपल्यापुरती ठेवणारे लोकही असतात, आणि जानरावांचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर होता.

पुष्पोत्सवाच्या दाराशी कमान होती ती कागदी फुलांची. आत मांडवात साहेब लोक सपत्नीक हिंडत होते. डेलियाला वास नसतो. तरी प्रत्येक जण त्याच्यावर वाकून श्वास घेई आणि "वा" म्हणे. एक वकील बायकोला झेंडूचं कूळ समजावून सांगत होते आणि सगळं चूक सांगत होते. देवमन कुंडी स्पर्धेच्या टेबलावर ठेवून आला आणि दर दहा पावलांवर कुणाला तरी वाकून नमस्कार करत राहिला.

दुपारी भोंग्यातून आवाज आला. "गुलाब विभाग. पहिला क्रमांक, कुमारी सत्यवती तायडे, एम.एस्सी., अकोला."

देवमन तिच्याकडं झुकला. "तुमच्याच नावानं दिलं. डिग्री पाहिली की परीक्षक जास्त खोलात जात नाहीत. कसं वाटलं?"

ती मंचावर गेली. एका मोठ्या साहेबांची पत्नी चांदीचा पेला घेऊन उभी होती. सत्यवतीनं हात पुढं केला नाही.

"हे झाड माझं नाही," ती म्हणाली. "आणि हे झाडच नाही. याला मुळं नाहीत."

बाईंनी गोड हसून मान हलवली. शेजारी उत्सवाचे चिटणीस केशवराव उभे होते. त्यांनी पहिलं वाक्य तेवढं ऐकलं आणि माइक ओढून घेतला. "सत्यवतीबाई म्हणतात, हे झाड माझं नाही. खरंच आहे. झाड सृष्टीचं असतं. केवढा हा विनय."

टाळ्यांचा कडकडाट झाला आणि पेला तिच्या हातात कोंबला गेला.

खाली देवमन फुलून गेला होता. "काय बोललीस," तो म्हणाला. अहोजाहो मंचाच्या पायऱ्यांवरच सुटलं होतं.

सत्यवती टेबलाशी गेली. तिनं फांदी बाटलीसकट उपसली आणि पेल्याशेजारी आडवी ठेवली. बाटलीतलं पाणी पांढऱ्या चादरीवर पसरलं.

आत्याबाईंनी वाकून पाहिलं. "मंग? फुलं त खरी हायेत ना?"

"हळू," देवमन इकडंतिकडं पाहत म्हणाला. "सगळेच करतात. तो डेलिया काय घरचा आहे?"

"सगळेच करतात ना?" सत्यवती म्हणाली. "मग तुमच्यासारखी मुलगी मिळायला तुम्हाला त्रास होणार नाही."

पेला तिथंच सोडून ती मोटार स्टँडकडं चालू लागली. आत्याबाई एकदा जीपकडं, एकदा तिच्याकडं पाहत राहिल्या आणि अखेर पदर सावरत तिच्या मागं निघाल्या.

बसनं बडनेरा मागं टाकलं. आत्याबाई एकदम म्हणाल्या, "असा पोरगा पुन्हा भेटनार नाही तुले."

"माहीत आहे." ते तिला खरंच माहीत होतं. तिनं हिशेब करूनच पाऊल उचललं होतं.

"तुह्या बापाले मी काही सांगनार नाही. तूच सांग. काय सांगशीन? बाटलीचं सांगशीन? तो म्हनन, एका बाटलीपायी सोयरीक मोडली पोरीनं."

"बाटलीचं कशाला? मुलगा मला पसंत नाही, एवढंच सांगेन."

"आपल्या घरात कोन्या पोरीनं असं म्हनलं नाही अजून."

"मी म्हणते," सत्यवती म्हणाली आणि कंडक्टरकडून दोघींची तिकिटं घेतली.