शेजारच्या मशीनची कुरकुर

सोन्याच्या खाणींच्या कॅलगूर्ली गावातल्या आपल्या दुकानात ग्लेंडाने म्हाताऱ्या कीथ ट्रेलोरपुढे सोनं शोधायची दोन मशिनं ठेवली.

"तांदळाएवढे दाणे हवेत ना? मग मशीनला जमिनीवरून फिरवायची चकती लहान लाव. मोठीला खोलातलं कळतं, बारीक निसटतं."

"चाळीस वर्षं हेच करतोय मी. मला शिकवू नकोस, मशीनचं बोल."

"मग हे नवं घे. शेजारी दुसरं मशीन चालू असलं तरी हेडफोनमध्ये कुरकुर म्हणून येत नाही."

कीथने ते बाजूला सारलं. "जुन्या पद्धतीचंच दे."

"शेवटी मनाचंच करणार तू," ग्लेंडा म्हणाली आणि तिने जुन्या पद्धतीचं मशीन त्याच्याकडे सरकवलं. त्याच्या बायकोला, नोरीनला, पुरताना तीही हजर होती.

नोरीन माळावर त्याच्यापासून दोनशे पावलांवर शोधायची. जवळ आली की तिच्या मशीनची कुरकुर त्याच्या कानात घुसायची आणि तो खेकसायचा. हेडफोन लावल्यावर त्याला हाक ऐकू येत नसे. म्हणून दहा वाजले की ती मुद्दाम मशीन घेऊन जवळ यायची. कुरकुर झाली म्हणजे चहा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कीथने माळावर गाडी लावली, तिच्या सावलीत नोरीनचं मशीन चालू करून ठेवलं आणि तो लांब निघून गेला. लहान चकतीने दोन दाणे दिले. दहा वाजता तो शोधत शोधत गाडीकडे वळला.

हेडफोनमध्ये कुरकुर सुरू झाली.

"आलो गं," कीथ खेकसला. "जरा दम धर."