राहून गेलेलं जावळ

विदाकचं नि माझं घर भिंतीला भिंत लावून. लहानपणी एका ताटात जेवलो, एकमेकांच्या झिंज्या उपटल्या. त्यामुळे माझ्या पोराचं, बाल्शाचं जावळ कोण काढणार, हा प्रश्नच नव्हता. आमच्या डोंगरात जावळ काढतो तो कूम. तो रक्ताच्या भावापेक्षा जवळचा, त्या घरची बाई त्याची कूमा, आणि 'कूम हो' म्हटल्यावर कुणी नाही म्हणत नाही.

विदाक मात्र नाही म्हणाला. नुकताच आमच्या गावच्या कोर्टात न्यायाधीश झाला होता ना.

"इकोनिया, उद्या तू माझ्यासमोर उभी राहिलीस तर?"

"मेल्या, मी काय चोर आहे?"

"नाहीस. पण त्या खुर्चीवर असेपर्यंत मी कुणाचाच कूम होणार नाही."

मी दार आपटलं. हट्टाने पोराचे केस वाढवले. पोरं त्याला मुलगी म्हणून चिडवायला लागली, तेव्हा रडत रडत मीच कापले. पुढे विदाक लग्नकार्याला यायचा, उभ्या उभ्या भेटून जायचा. जेवायला म्हणून कधी बसला नाही.

मग शेजारच्या राश्कोने आमच्या झऱ्याचं पाणी वळवलं, आणि मी खरंच विदाकसमोर उभी राहिले.

"ही माझी बालमैत्रीण," त्याने आधीच राश्कोला सांगितलं. "हरकत असेल तर खटला दुसरीकडे पाठवतो."

"चालेल साहेब," राश्को म्हणाला.

राश्कोने वाट्टेल ते पाल्हाळ लावलं, विदाकने एकदाही तोडलं नाही. मलाच दोनदा गप्प केलं. निकाल माझ्या बाजूने लागला.

बाहेर मी राश्कोला डिवचलं, "आता अपिलात जाशील ना?"

"कशाला वहिनी? तुझ्या पोराचं जावळ नाकारलं त्याने. तो तुझ्यासाठी खोटं लिहील होय?"

पाणी परत आलं. मी झऱ्यावर बसून रडले. कोर्टात तासभर समोर होता, तरी विदाकची इतकी आठवण मला कधी आली नव्हती.

परवा तो निवृत्त झाला. काल सकाळी दारात हजर, हातात कात्री.

"कुणाचं जावळ राहिलंय का?"

"बाल्शाला टक्कल पडलं, बाबा. जर्मनीत असतो. लग्नाचं नाव नाही."

तो कात्री खिशात घालायला लागला. माझा जीव तुटला. मी स्टूल ओढलं, डोक्याचा रुमाल सोडला आणि पांढरी वेणी पुढे घेतली.

"काप एक बट. का मी नाही चालत?"

बट कापून त्याने आपल्या रुमालात बांधली. मग आत जाऊन टेबलाशी बसला.

"कूमा," तो म्हणाला, "भूक लागलीय."