वाचनालयाच्या छताखालचा टेकू

मी एक जुना लोखंडी टेकू आहे, आणि मित्रांनो, आज माझं डोकं फिरलंय. गोडगोड बोलायच्या मनःस्थितीत मी नाही.

तरी ओळख सांगतो. कारखान्यात नळीत नळी बसवून मला घडवलं. ओतलेलं छत कडक होईपर्यंत ते खालून धरून ठेवायचं, हे माझं काम. अशी कितीतरी छतं मी पेलली. छत पक्कं झालं की मला काढून भिंतीशी टाकायचे. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

मग नगरपालिकेने मुलांचं वाचनालय बांधायला काढलं. पालिकेकडे बांधकामातली जाणकार माणसं नव्हती. म्हणून आराखड्यापासून किल्ल्या हातात येईपर्यंत पालिकेच्या वतीने ठेकेदारावर नजर ठेवायला तिने एक बांधकाम व्यवस्थापक नेमल्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. बाई मोठ्या खमक्या! वाळूत माती दिसली की गाडी आल्या पावली परत. मिस्त्री कुरकुरायचा, पण माझ्याशेजारी बसून डबा खाताना म्हणायचा, की ही बाई आहे तोवर मला घरी शांत झोप लागते.

छत ओतलं. ते कच्चं असतानाच पालिकेचे साहेब आले. नगराध्यक्षांना दालन बघायचं होतं, फोटो काढायचे होते, आणि आम्ही टेकू नेमके मध्ये उभे. मधली रांग काढा, म्हणाले. ठेकेदाराने लगेच मान डोलावली. त्याला आम्ही दुसऱ्या कामावर हवेच होतो. मॅडमनी सांगितलं, काँक्रीटचे नमुने तपासून आल्याशिवाय एकही टेकू हलणार नाही.

"मॅडम, तुम्हाला आम्ही नेमलंय," साहेब म्हणाले. "जरा आमच्या बाजूने बोला की."

"तुमच्याच बाजूने बोलतेय, साहेब. छत तुमचं आहे."

झालं! मॅडमना घरी बसवलं. त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थांनी मुकाट्याने होकार दिला. हातोडे पडले, मधली रांग निघाली. सगळा भार आम्हा कडेच्या टेकूंवर आला. मी जीव खाऊन उभा राहिलो, पण माझी कंबर वाकली. छत खाली झुकलं, आडवी भेग गेली. मिस्त्रीने सगळ्यांना बाहेर पिटाळलं, म्हणून माणसं वाचली.

आणि चौकशीत काय ठरलं? टेकू जुना होता! अरे, लाजा कशा वाटत नाहीत तुम्हाला? जन्मभर राबलो, आणि खापर माझ्याच डोक्यावर? भेग बुजवली, वरून पांढराशुभ्र रंग फासला, आणि आता उद्घाटनाची तयारी चाललीय.

मी भंगारात पडलोय. मला सरळ करू नका, माझा गंजही पुसू नका. एवढंच करा, घरी आईबाबांना सांगा, त्या मॅडमना परत बोलवायला लावा. त्या छत तपासून ठीक आहे म्हणेपर्यंत आत पाऊल टाकू नका. मित्रांनो, त्या छताखाली आता आम्ही कोणी नाही. तुम्ही असणार आहात.